सुकटीचा वास लागलेला लॅपटॉप

जावईबापू,

तुमच्या शाळेतली माणसं घरी आली होती. शाळेच्या अंकात तुमच्यावर पानं काढणार आहेत, तुम्हीही लिहा म्हणाली. त्यांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. शांत, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष. मी ऐकून घेतलं. मनात म्हटलं, मग माझ्या ओटीवर बसून चहा गार होईस्तोवर माझ्याशी वाद घालायचा तो माणूस कोण व्हता?

मी चौथी शिकलेला. पेणच्या खाडीकाठी, मिठागरात आयुष्य गेलं. हातात लेखणी कमी आणि फावडं जास्त. सासऱ्यानं जावयावर लिहायचं हे सगळं उलटंच झालं. तुम्ही माझ्यावर लिहायचं, अशी रीत. तुमचं अक्षरही चांगलं. पण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि ते दुसऱ्या कुणाला पुरं करता येणार नाय, म्हणून बसलो लिहायला. तुम्ही कसे गेलात, कुठल्या दवाखान्यात नेलं, ते सगळ्या रोह्याला ठाऊक आहे. ते मी लिहीत नाय. माझ्याच्यानं होणारही नाय.

भांडण लॅपटॉपचं. 

तुम्ही तो पहिल्यांदा आमच्या घरी आणलात तेव्हा मला वाटलं, माझ्या लेकीला, सुलभाला, कसली पेटी केलीत. काळी, जड, पाटाएवढी. मुंबईच्या कुठल्याशा हापिसानं जुना झाला म्हणून काढलेला. मी तोंडावर बोललो, "दुसऱ्यानं टाकलेलं उचलून आणलंत जावईबापू?"

तुम्ही म्हणालात, "टाकलेलं नाही मामा. उरलेलं."

मग खटखट करून तुम्ही पडद्यावर माझं नाव काढलंत. हिराजी. मी माझं नाव सातबाऱ्यावर बघितलंय, मतदार यादीत बघितलंय. दोन्हीकडं चुकीचं. तुमच्या त्या उरलेल्या यंत्रात पहिल्यांदा बरोबर आलं. मी आत जाऊन सुलभाच्या आईला सांगितलं, "चहात दूध जास्त घाल."

मग तो पावसाळा. तुम्ही सुलभाला घेऊन आलात, तुमची लेक छकुली तेव्हा रांगत होती. शाळेचे पेपर टाईप करायचे म्हणून यंत्र संगती. आमच्याकडचा आषाढ म्हणजे भिंतीला हात लावला तर हात ओला. बरणीतल्या मिठाचं पाणी होतं. तुम्ही काळजीत पडलात. "मामा, ही खारी हवा आत गेली तर गंजेल हो."

आता खाऱ्या हवेचं मला सांगता? मी म्हटलं, "माझ्या घरात एक जागा हाय जिथं पावसाचा बाप पोचत नाय." तुम्ही पेणच्या बाजाराला गेलात आणि मी ते यंत्र गोणपाटात बांधून चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं. आमच्या सात पिढ्यांची सुकट, पापड, बियाणं, काड्यापेट्या त्या माळ्यावर पावसाळा काढत आल्या. सुकटीची टोपली जरा सरकवली आणि तिला टेकून ठेवलं.

सुलभाची आई दिवसभर रांधत होती. तुम्ही आलात, मी यंत्र खाली काढून दिलं. नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखं कोमट. झाकणाचा एक कोपरा जरा नमलेला. आणि वास.

सुलभा म्हणाली, "बाबा, काय केलंत वो हे? लॅपटॉपला धुरी दिलीत?"

तुम्ही बटण दाबलंत. लागला की नाय? लागला. मी म्हटलं, "बघा. चालू हाय का नाय?"

"आहे मामा."

"मग?"

"मग काही नाही." असं म्हणून तुम्ही त्याला नाक लावलंत आणि इतकं हसलात, इतकं हसलात, की छकुली घाबरून रडायला लागली.

माझं म्हणणं अजूनही तेच हाय. खाली ठेवला असता तर गंजून मेला असता. माळ्यानं वाचवला. तुम्ही कधी 'नाय' म्हणाला नाहीत, 'व्हय'ही म्हणाला नाहीत. नुसतं हसायचं. 

पण त्या दिवसापासून पडद्याचा सांधा ढिला झाला, हे खरं. पडदा मागं कलंडायचा आणि एका ठरावीक तिरकेपणातच चित्र दिसायचं. जरा हलला की काळोख. तर तुम्ही काय केलंत? त्याच्या मागल्या धोंड्याच्या महिन्यात मी तुम्हाला वाण म्हणून पितळेचा तांब्या दिला होता. तो पाण्यानं भरून पडद्याच्या पाठीला लावलात. रोह्याला तुमच्या घरी आलो आणि बघतो तर माझा तांब्या टेकणीला. मी म्हटलं, "हे पाणी प्यायला दिलंय."

तुम्ही म्हणालात, "मामा, शाळेचे निम्मे पेपर तुमच्या तांब्यावर उभे आहेत."

वासाचं तर विचारू नका. यंत्र तापलं की सुकट भाजायला घेतल्यासारखा वास सुटायचा. तुमची शेजारीण सुलभाला विचारायची, "काय गो, आज गुरुवार ना?" शाळेतले मास्तर म्हणायचे, सरांना सासुरवाडीनं यंत्र मसाला लावून दिलं. तुम्ही ते मला हसत सांगायचात. पण तीच गोष्ट आमच्या गावात पोचली तेव्हा तिची चव बदलली. वडखळच्या नाक्यावर माझाच चुलतभाऊ चार लोकांत म्हणाला, "हिराजीनं जावयाचं यंत्र भाजून खाल्लं." लोक हसले. मी त्या दिवशी ठरवलं. येत्या धोंड्याला जावयाला नवाकोरा लॅपटॉप देणार. ताटात दिवा लावून देणार. गावाला बोलावून देणार.

आणि तुम्ही म्हणालात, नको.

दिवाळीत रोह्याला तुमच्या घरी बसलो होतो, आठवतं? मी म्हटलं, "तीन वर्षांनी एकदा धोंडा येतो. तेहतीस अनारसे आणि नवा लॅपटॉप. ठरलं."

"मामा, हाच दुरुस्त करून घेऊ की. सांधा बदलायचा, बॅटरी टाकायची, थोडी मेमरी वाढवायची."

"मेमरी म्हंजे?"

"लक्षात ठेवायची जागा."

"नवीन जागा घातली तर आधीचं इसरणार नाय काय?"

"नाही. आधीचं राहतं, वर नवीन मावतं."

"ते काय का असेना. जावयाला वाणात जुनं दुरुस्त करून देत नाय कोणी. माझी काय लाज हाय का नाय?"

तेव्हा तुम्ही मला माझ्याच शेतात नेऊन पाडलंत. म्हणालात, "मामा, उधाणानं बांधाला खांड पडली तर तुम्ही काय करता? चिखल घालून बुजवता की शेत टाकून दुसरं घेता?"

मला राग आला. खाडीच्या पाण्यानं फोडलेला बांध मी गळाभर पाण्यात उभं राहून बुजवलाय. मला बांधाचं शिकवता? मी म्हटलं, "बांध मातीचा असतो. मातीला माती धरते. तुमचं यंत्र प्लास्टिकचं. त्याला एकदा आतून वाळवी लागली की लागली."

तुम्ही म्हणालात, "आणि त्यातली मराठी? नव्या यंत्रात हे जुनं अक्षर उघडत नाही मामा. सगळे किडे-मुंग्या दिसतात. इतक्या वर्षांचे पेपर, आणि सुलभानं केलेल्या लग्नपत्रिका, सगळं जाईल."

"परत काढा."

"कोण काढणार?"

"मी बसतो." असं मी म्हटलं, आणि सुलभा तोंडाला पदर लावून आत पळाली.

बघा, किती सरळ भांडण होतं. मी जन्मभर ठिगळं लावून जगलेला माणूस, मी म्हणायचं नवं आणा. तुम्ही शिकलेले, तुम्ही म्हणायचं जुनं सांधा. कुणीच मागं हटेना. मला आत कुठंतरी ते आवडायचं. माझ्याशी गावात कोण वाद घालतो आता? पोरं मान डोलवतात आणि मागं हसतात. तुम्ही पुढ्यात हसायचात. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाय. सासरा जावयाला असलं सांगत नाय.

शेवटची भेट शिमग्यानंतरची. पेणच्या स्टँडवर मी तुम्हाला रोह्याच्या गाडीत बसवायला आलो होतो. गाडी लागली आणि पायरीवर पाय ठेवून तुम्ही वळलात. "मामा, धोंड्याला काय द्यायचं ते मी सांगू का?"

मी म्हटलं, "जावयानं मागायचं नसतं. द्यायचं ते मी ठरवीन."

तुम्ही हसलात. कंडक्टरनं घंटी मारली. काय सांगणार होता ते सांगायचं राहिलं.

पाडव्याची गुढी उतरवून चार दिवस झाले नसतील, एसटीडी बूथवाला धावत ओटीवर आला.

दहाव्याला कुंडलिकेच्या काठी पिंड ठेवला. कावळे करंजावर बसून होते, एक खाली उतरेना. तुमचे भाऊ कोलाडहून आलेले, त्यांनी हात जोडून सांगितलं, "दिनेश, छकुलीचं शिक्षण माझ्याकडं." कावळा नाय. हेडमास्तर पुढं झाले, "सर, शाळेचं काम आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही." कावळा नाय. ऊन वर चढलं. माणसं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मी पुढं झालो. म्हटलं, "जावईबापू, नवा लॅपटॉप घेतो. सगळ्यात भारी. सुलभाच्या नावानं." एक कावळा पंख झाडून दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

सुलभा बायकांत उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला कळलं काय बोलायचं ते. तेवढे शब्द तोंडातून काढायला मला खांड बुजवण्यापेक्षा जड गेलं. चारचौघांत मी म्हटलं, "बरं. तुमचंच खरं. हाच दुरुस्त करतो. झालं?"

तरी कावळा आला नाय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मला तुमचा राग आला, खोटं कशाला सांगू. मी हरलो, चारचौघांत हरलो, आणि तुम्ही घ्यायला आला नाहीत. घरी परत येताना वाटलं, स्टँडवर मागणार होता ते हे नव्हतंच कदाचित. मग काय होतं? अजून मला तेच खातं.

तेराव्याला तुमच्या वस्तू द्यायला काढल्या. छत्री, चपला, अंथरूण. तुमचे भाऊ मनानं वाईट नाहीत. सहज म्हणाले, "सुलभा, हा लॅपटॉपही देऊन टाकू. कधीही बंद पडेल. छकुलीसाठी मी पुढंमागं चांगला घेईन."

सुलभानं तो उचलून मांडीवर घेतला. म्हणाली, "भाऊजी, हा जाणार नाही."

"अगो, मेलेल्या माणसाच्या वस्तूत जीव अडकतो."

"अडकू दे. गेलं वर्षभर ते वाचून दाखवायचे आणि मी टाईप करायची. पेपर त्यांच्या नावावर जायचे, पण बोटं माझी. हेडमास्तर म्हणालेत, जमलं तर तुम्हीच करा. जमणार हाय मला. पण ह्याच्यावर. त्यांचं सगळं ह्याच्यात हाय."

जावईबापू, लग्नपत्रिका तेवढ्या ठाऊक होत्या, पेपरांचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुमच्या घरी यायचो, बघायचो तर लेक तुमच्या शेजारी बसलेली. मला वाटायचं नवऱ्याचं काम बघत बसते. ती काम करत होती. तुम्ही तिला शिकवत होता.

मग आम्ही दोघं बापलेक तो लॅपटॉप घेऊन एसटीनं पनवेलला गेलो. दुरुस्तीवाल्याचा पत्ता तुमच्याच वहीतला. गाडीभर ती पेटी मी मांडीवर धरली, खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायचो. दुकानवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "काका, हा आता शोकेसमध्ये ठेवा."

"तुला इचारलं काय? दुरुस्त व्हतो का ते सांग."

त्यानं स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. आत काजळी. चिमट्यानं त्यानं काहीतरी उचललं, उजेडात धरलं आणि दचकला. "काका, हे काय? किडा?"

मी म्हटलं, "किडा नाय. सुकट हाय. धुऊन घेतलीस तर कालवणाला चालेल."

सुलभा हसली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली, आणि तो बिचारा चिमटा हातात धरून उभा. त्याला वाटलं, त्याच्याच हातून काय मोडलं.

मग त्यानं नीट समजावलं. सांधा आणि पडद्याची वायर बदलता येईल, मेमरी वाढवता येईल, नाहीतर नवाच घ्या, मी जुनं सगळं त्यात ओतून देतो. सुलभानं विचारलं, "मराठी उघडेल?" तो म्हणाला, "गॅरंटी नाही देत ताई." तिनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं, आता बाबा नव्याचा धोशा लावणार.

मी म्हटलं, "नवा नको. पण जुन्या यंत्राला ह्या वस्तू मिळणार कुठून?"

"असाच एक माझ्याकडं मेलेला पडलाय काका. त्याचा सांधा ह्याला बसेल."

एक मेला म्हणून दुसरा उभा राहतो. मी नुसतं, "मेमरी पण टाक," एवढं सांगितलं. आणि सुलभानं विचारायच्या आत मीच विचारलं, "नवीन जागा घातली तर आधीचं इसरणार नाय ना?" तो म्हणाला, "नाही काका." म्हंजे तुम्ही खरं बोलला होता.

निघताना तो म्हणाला, "ताई, आतून चकाचक करून देतो. वास पण जाईल."

सुलभा म्हणाली, "साफ करा. पण फार नको."

आता धोंड्याचा महिना लागलाय. वाण तर ठरलेलं. आमच्याकडं रीत अशी, की जावई नसेल तर देवळात द्यायचं. सुलभाची आई म्हणाली, "देवळात देऊन येवा." मी अंगणात रांगोळी काढायला लावली आणि जावयाचा पाट मांडला.

"कुणाला बसवताव त्यावर?"

"सुलूला."

ती हातातलं पुरण तसंच धरून उभी राहिली. "लेकीला कोण वाण देतं वो? आणि तिच्यावर हे असं झालेलं. वर्स पण झालं नाय. लोकं काय म्हणतील?"

"लोकांनी मला यंत्रखाऊ म्हटलं, मी मेलो काय? जावयाचं काम आता कोण करतं? मग जावयाचा पाट कुणाचा?"

सुलभा दारात उभी. "बाबा, हट्ट करू नका."

"हट्ट आयुष्यभर केला, कधी फुकटचा, कधी कामाचा. हा कामाचा हाय. बस बाय."

ती बसली. मान खाली. छकुली तिला चिकटून. सुलभाच्या आईनं दिवा लावला आणि ओवाळलं. मी तबकात अनारसे ठेवले आणि त्यांच्या शेजारी तुमचा जुना लॅपटॉप, सांधलेला. सगळा गाव बोलावणार होतो ना? नाय बोलावला. पण दार उघडं ठेवलं. वाटेनं जाणाऱ्यांनी बघितलं. चुलतभावानंही बघितलं, थांबला, आणि पुढं गेला.

स्टँडवर तुम्ही काय मागणार होता ते मला अजून कळलेलं नाय. मी माझ्या अकलेनं हे दिलं. चुकलं असेल तर वाद घालायला माझी तयारी हाय.

सुलभानं मांडीवर घेऊन तो उघडला. पडदा आता आपला आपण ताठ उभा राहतो. तरी तिनं इकडंतिकडं बघितलं, आपल्या पिशवीतून पितळेचा तांब्या काढला, भरला आणि पडद्याच्या मागं ठेवला.

मी म्हटलं, "आता लागत नाय गो त्याला."

"राहू दे बाबा."

ती तुमचा अर्धा राहिलेला पेपर पुढं टाईप करायला लागली. आत धोंडे वाफेवर, घरभर पुरणाचा वास. यंत्र चालून चालून तापलं आणि त्या पुरणाच्या वासातून हळूच दुसरा वास वर आला. छकुलीनं नाक उडवलं. सुलभाची बोटं थांबली. सुलभाची आई आतून डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आलं गो जावईबापू."

धोंड्याच्या महिन्यात, पुरणाच्या ताटावर कुणी सुकट घेऊन येतं का? पण आलात ना. बसा. धोंडे गरम हायत.